नऊ बिनचूक नाणी

४ मे

चि. ठमे,

आशीर्वाद तुला आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहून शाई वाया घालवत नाही. मी सुखरूप पोचलो. गुडघा गाडीत कुरकुरला, पण गाडी त्याहून जास्त कुरकुरत होती.

तुम्ही दोघं परिषदेला गेलात तेवढ्या दिवसांत तुमचं घर जमेल तसं सांभाळलं. झाडांना पाणी घातलं. नळाचा वायसर बदलला. वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे लावून बांधली. स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. साखर आणि मीठ एकाच रंगाच्या डब्यांत ठेवणारी बाई जगात तू एकटीच असशील.

आता मुद्द्याचं. हे पुढचं एकटी असताना वाच.

धूळ पुसायला जावईबापूंच्या खोलीत गेलो होतो. टेबलावर त्यांचा नाण्यांचा अल्बम होता. त्यांना नाण्यांचा नाद आहे एवढं ऐकून होतो, म्हणून कौतुकाने पानं उलटली. अगं, एक नाणं धड असेल तर शपथ! कुणाचा छाप सरकलेला, कुणाची कड उडालेली, एकाची एक बाजू कोरीच. एकावर छाप दोनदा पडलाय, त्यामुळे जहाजाला दुप्पट शिडं. आणि एकाला तर दोन्ही बाजूंना जहाज! जहाजाच्या पाठीमागे कणीस असतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते नाणं नाणेफेकीत लोकांना गंडवायलाच कोणीतरी बनवलेलं असणार. प्रत्येकाखाली त्यांनी काहीबाही लिहून ठेवलंय, पण अक्षर पडलं डॉक्टरांचं. मला फक्त पूर्णविराम वाचता आले.

तुझ्या नवऱ्याला कोणीतरी वर्षानुवर्षं टोपी घालतंय, ठमे. दातांचा एवढा नावाजलेला डॉक्टर, लोकांच्या जबड्यातली बारीकशी फट त्याला दिसते, आणि हातातलं नाणं दिसू नये!

तोंडावर सांगितलं असतं तर बिचारे शरमले असते. म्हणून त्यातली सगळ्यात वाईट नऊ काढली आणि त्या जागी त्याच किमतीची, मी स्वतः निवडलेली, नवीकोरी नाणी बसवली. त्यासाठी दोन बँका आणि एक दूधवाला पालथा घातला. काढलेली नऊ घरी आणली. आमच्या शाखेत जुन्या कॅशियर मंडळींची पद्धत होती, आठवते ना? खराब नाणं खिडकीवर आलं, की ते पुन्हा कोणाच्या हाती जाऊ नये म्हणून काउंटरच्या आतल्या फळीवर खिळ्याने ठोकून टाकायचं. काल पाच ठोकली, उरलेली आज ठोकतो. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले नेहमीप्रमाणे ठोकठोक ऐकून तक्रार करायला वर आले आणि चहा पिऊन गेले. उभ्या नोकरीत मी खराब नाणं कधी पुढे ढकललं नाही, आता म्हातारपणी कशाला ढकलू?

जावईबापूंना यातलं काही कळू देऊ नकोस. माणूस मानी आहे.

तुमच्याकडे राहायला येण्याबद्दल तू पुन्हा विचारलंस. मागची खोली मला आवडली, नाही कशाला म्हणू? उजेड भरपूर आहे. जिने चढून गुडघाही आता थकलाय. पण घर एकट्या तुझं नाही. जावईबापू त्या विषयावर हूं की चूं करत नाहीत, आणि बोलावल्याशिवाय मी साहेबांच्या केबिनमध्येही कधी पाऊल टाकलं नाही.

तुझे बाबा


७ मे

आदरणीय बाबांना नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्यालाही.

माझं अक्षर तुम्हाला लागत नाही असं ठमी म्हणते, म्हणून हे पत्र दवाखान्यातल्या बाईंना सांगून टाइप करून घेत आहे. त्यामुळे काही गोष्टी मोघम लिहाव्या लागतील. तुम्ही समजून घ्याल.

घर सांभाळल्याबद्दल आभार कसे मानावेत कळत नाही. सगळं इतकं नीटनेटकं झालं आहे की आम्हाला आमच्याच वस्तू सापडत नाहीत. (बाई, हे कौतुकाने म्हटलं आहे असं कंसात लिहा.)

एक किरकोळ गोष्ट. जाताना घरात सुटे पैसे ठेवायला आम्ही विसरलो. दूध, बस, पेपर, पावलोपावली सुटे लागतात. अशा वेळी माणूस हाताशी असेल ते वापरतो आणि मग सवडीने तेवढेच परत ठेवतो. यात गैर काहीही नाही, मीही तेच केलं असतं. फक्त कोणत्या दुकानात दिले ते आठवलं तर कळवा. मी सहज त्या बाजूला जाणारच आहे.

सोबत थोडे पैसे पाठवत आहे. दर महिन्याला पाठवायचा विचार आहे. पेन्शन हल्ली उशिरा होते असं ऐकतो. कृपया परत पाठवू नयेत.

तुमचा जावई


८ मे

बाबा,

हातोडा खाली ठेवा. आधी ठेवा, मग पुढे वाचा.

तुमच्या जावयाला कोणीही टोपी घातलेली नाही. हे चुकलेलीच नाणी जमवतात! तोच यांचा संग्रह आहे. टांकसाळीत लाखात एखादं नाणं बिघडतं, ते बाहेर पडायच्या आत वितळवतात, आणि त्यातूनही जे निसटतं त्याच्यामागे हे वीस वर्षं फिरताहेत. दिवसभर लोकांचे वाकडे दात सरळ करायचे आणि संध्याकाळी वाकड्या नाण्यांशेजारी बसायचं. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, "यांना सरळ करा म्हणून कोणी मागे लागत नाही."

त्यात तुम्ही बसवलेली ती नऊ चकचकीत नाणी! लग्नघरात चुकून शिरलेल्या इन्स्पेक्टरसारखी दिसताहेत.

जूनमध्ये संग्राहक मंडळाचं प्रदर्शन आहे. आजवर मंडळातले लोक यांच्या नाण्यांना भंगार म्हणत आले. यंदा पहिल्यांदाच यांना एक आख्खं टेबल मिळालंय. काल हे बॅटरी घेऊन सोफ्याखाली आडवे झाले होते. काय करताय विचारलं तर म्हणे, व्यायाम.

मी अजून तोंड उघडलेलं नाही. तुम्हीही काही कबूल करू नका. नाणी लगेच पाठवा, मी गुपचूप जागेवर बसवते. हे रागावतील याची मला भीती नाही. भीती तुमची आहे. यांना कळलं तर तुम्ही लाजेने या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि मी गेलं वर्षभर त्या खोलीचे पडदे बदलत बसलेय.

ते दोन्हीकडे जहाज असलेलं तरी अजून ठोकलं नाही ना? ते यांचं पहिलं नाणं. ठोकलं असेल तर मला सांगू नका.

ठमी


११ मे

ठमे,

ठोकलं. सगळ्यात आधी तेच ठोकलं.

तुझं आणि जावईबापूंचं, दोन्ही पत्रं एकदम आली. तुझ्या पत्रात मी मूर्ख आहे, त्यांच्या पत्रात चोर. सकाळपासून दोन्ही समोर ठेवून बसलोय. खरं सांगू? चोर जरा बरा वाटला. चोराला निदान कोणतं नाणं उचलायचं ते कळतं.

त्यांनी पैसे पाठवलेत. म्हणजे माझी परिस्थिती हलाखीची झाली आणि मी जावयाच्या अल्बममधली नाणी काढून दूध आणलं, असा त्यांचा समज आहे. आणि तो टाइप केलाय त्या दवाखान्यातल्या बाईंनी. आता तिथे दात दाखवायला जायचीही सोय राहिली नाही.

तुझी युक्ती चालायची नाही. प्रत्येक नाण्याला मधोमध खिळ्याचं भोक आहे, आणि तुझा नवरा भोकं शोधण्यावरच पोट भरतो. शिवाय माझ्या खिडकीवर कधी लपवाछपवी झाली नाही. मीच लिहितो त्यांना. तू मधे पडू नकोस.

बाबा

ता. क. घड्याळवाले म्हणतात, धातूने भोक बुजवता येतं. मी म्हटलं, तुम्ही चहा प्या.


१४ मे

विषय: आपल्या संग्रहातील नऊ नाण्यांबाबत खुलासा

मा. जावईबापू यांस,

सविनय कळवतो की आपल्या अल्बममधील नऊ नाणी मी काढली. खर्चासाठी नाही. ती खराब आहेत असं समजून काढली आणि त्या जागी चांगली ठेवली. आपण खराबच नाणी जमवता हे मला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. काढलेली नाणी बँकेतल्या जुन्या सवयीने एका फळीवर खिळ्यांनी ठोकली असून खिळे आरपार गेले आहेत. दोन्हीकडे जहाज असलेलं नाणं डावीकडून पहिलं आहे.

भरपाई म्हणून काय देता येईल यावर विचार केला. अशी नाणी विकत मिळतात का, म्हणून इथल्या सराफाकडे गेलो. तो म्हणाला, आजोबा, असलं नाणं मिळालं तर मीच ठेवून घेईन. तेव्हा भरपाई शक्य नाही, हे नमूद करतो.

आपण पाठवलेले पैसे परत करत आहे. पेन्शन वेळेवर होते.

मागच्या खोलीचा विषय ठमीने काढला होता. त्यावर आता विचार करू नये. तिथे आपण अल्बम ठेवावेत. कुलूप चांगलं लावावं.

मला फार वाईट वाटतं आहे. हे वाक्य खुलाशात बसत नाही, पण राहवलं नाही.

आपला,
सेवानिवृत्त कॅशियर


२ जून

बाबा,

तुमचं पत्र यांनी दवाखान्यात उघडलं. खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता. बाई सांगतात, तो बराच वेळ तसाच बसून राहिला. शेवटी त्याने स्वतःच तोंड मिटलं आणि विचारलं, "डॉक्टर, घरी सगळं ठीक ना?"

तेव्हापासून एक अवाक्षर नाही. मी आपणहून सगळं सांगितलं, तुम्ही मला काय काय लिहिलंत तेसुद्धा, राहायला येण्याबद्दलचंही. ऐकून घेतलं आणि मान हलवली. रोज जेवण झालं की खोलीचं दार लावून घेतात. रागावलात का विचारलं तर म्हणाले, "अक्षर सुधारतोय." आता याचा काय अर्थ लावायचा? मी तर डोक्याला हात लावून बसलेय.

तुम्ही तरी मूग गिळून बसू नका. जेवता ना वेळेवर? पडदे मी काढलेले नाहीत.

ठमी


२४ जून

बाबा,

हे अक्षर माझं आहे. विश्वास ठेवा. यातलं काहीही बाईंना सांगून टाइप करण्यासारखं नव्हतं, म्हणून दुरेघी वही आणून रोज रात्री गिरवत बसलो. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे. इकारांत अजून थोडी गडबड होते.

आधी माझी चूक. तुम्ही चोरी केलीत असं मला कधीच वाटलं नाही. तुमची ओढाताण होतेय असं वाटलं आणि सरळ विचारायची छाती झाली नाही, म्हणून ते पैसे पाठवले. ते पत्र वाचून तुम्हाला किती लागलं असेल हे आता कळतं. माफ करा.

प्रदर्शन परवा झालं. तुमची नऊच्या नऊ नाणी जिथे तुम्ही बसवलीत तिथेच ठेवली. प्रत्येकाखाली नव्या अक्षरात चिठ्ठी लावली: 'बिनचूक. निवड: सासरे.' बाबा, माझ्या वाकड्या नाण्यांकडे कोणी ढुंकूनही बघेना. सगळी गर्दी तुमच्या नऊ नाण्यांवर. एवढ्या चुकलेल्या नाण्यांत ही ठेवली आहेत म्हणजे यांत काहीतरी भयंकर बारीक चूक असणार, असं प्रत्येकाने ठरवूनच टाकलं. मंडळाचे अध्यक्ष भिंग घेऊन वाकले ते वाकलेच. शेवटी म्हणाले, तिसऱ्या नाण्यावरच्या कणसात एक दाणा कमी आहे. चिटणीस म्हणाले, दाणा जागेवर आहे, जहाज किंचित झुकलंय. त्यावरून दोघांची जुंपली. मी हात जोडून सांगितलं की हे साधं नाणं आहे, दूधवाल्याकडून आणलेलं. तर अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर, तुमची नजर अजून तयार व्हायची आहे."

बक्षीस मला मिळालं नाही. ते भोकाच्या नाण्यांच्या संग्रहाला मिळालं. तुमची फळी वेळेवर आली असती तर तेही आपल्याच घरात आलं असतं.

आता त्या दोन्हीकडे जहाज असलेल्या नाण्याबद्दल. खोटं लिहीत नाही, त्याला खिळा मारलाय हे वाचून दोन रात्री मी अल्बमचं तेच पान उघडून बसलो. ते मला लहानपणी दुकानातल्या सुट्या पैशांत मिळालं. त्याच्या जोरावर मी धाकट्या भावाकडून खिडकीजवळची जागा कित्येक वर्षं जिंकली. पुढे तुमच्या मुलीला लग्नाचं विचारावं की नाही हे ठरेना. मी मुळात भित्रा. मग एके दिवशी जिन्यात उभा राहिलो आणि स्वतःशी ठरवलं, जहाज पडलं तर विचारायचं, कणीस पडलं तर गप्प घरी जायचं. उडवलं. जहाज पडलं. आता नशिबातच आहे म्हटल्यावर काय करणार, वर गेलो आणि विचारलं. तुम्ही लिहिलं होतंत की ते नाणं लोकांना गंडवायला बनवलेलं असणार. बरोबर ओळखलंत. गंडलो तो मीच, आणि माझ्या आयुष्यातलं सगळं चांगलं तिथूनच सुरू झालं.

मागच्या खोलीबद्दल मी कधी बोललो नाही, त्याचं कारण सांगतो. जावयाने बोलावलं तर सासऱ्याला नाही म्हणता येत नाही. भिडेखातर कोणी आपल्या घरात राहावं असं मला वाटत नव्हतं. आणि तुम्ही माझ्याच बोलावण्याची वाट बघत होतात! दोन सभ्य माणसांनी मिळून एक चांगली खोली वर्षभर रिकामी ठेवली.

तर आता मी बोलावतो आहे. बाबा, इकडे राहायला या. मला तुम्ही घरात हवे आहात. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांमुळे आता चहात मीठ पडत नाही, एवढ्यापुरतं नाही. संध्याकाळी त्या नाण्यांशेजारी मी एकटाच बसतो, आणि आजवर ती कोणी इतक्या बारकाईने पाहिली नव्हती.

तरीही भीड पडू नये म्हणून निकाल नाण्यावर सोडू. फळीवरचं डावीकडचं पहिलं नाणं काढा. भोक असलं तरी उडेल. जहाज पडलं तर सामान बांधायचं. कणीस पडलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. शब्द देतो.

तुमचा जावई

ता. क. तुम्ही जेवताना फक्त उजव्या बाजूने चावता, हे मी केव्हाच पाहिलं आहे.


२८ जून

जावईबापू,

अक्षर लागलं. सगळं लागलं. 'मला तुम्ही घरात हवे आहात' हे पुन्हा पुन्हा वाचलं, ते मात्र लागत नव्हतं म्हणून नव्हे.

फळी आणि दाढ, दोन्ही बरोबर आणतो आहे म्हणण्याआधी नाणेफेकीचा रीतसर अहवाल देतो. ती एकट्याने करणं नियमाला धरून नाही, म्हणून खालच्या घड्याळवाल्यांना साक्षीला वर बोलावलं. खिळा त्यांनीच काढून दिला. मी ठोकलेला खिळा सहजासहजी निघत नाही, बराच वेळ कुरकुरला. त्यांनी विचारलं, कशावरून उडवताय? सांगितलं, जहाज पडलं तर मी लेकीकडे कायमचा जाणार, कणीस पडलं तर इथेच.

इतकी वर्षं माझ्या ठोकठोकीची तक्रार करणारा माणूस, एकदम टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "कणीस!"

उडवलं. जहाज पडलं. ते म्हणाले, भोकामुळे तोल गेलाय, हे धरायचं नाही. पुन्हा उडवलं, पुन्हा जहाज. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः उडवलं आणि डोळे मिटले. जहाजच. मग निवलेला चहा संपवला. शेवटी म्हणाले, "नशिबातच असेल तर जा बाबा. पण आता ठोकठोक कोणाची ऐकू?" मलाही भरून आलं. सुट्टीत आठ दिवस आमच्याकडे या म्हटलं, तर म्हणाले, बघू.

जाताना त्यांनी ते नाणं पालथं करून बघायला हात पुढे केला. मी चटकन उचलून खिशात टाकलं.

उभ्या नोकरीत मी खराब नाणं कधी पुढे ढकललं नाही, हवं तर तुमच्या बायकोला विचारा. काल पहिल्यांदा ढकललं. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो, पडदे आहेत तसेच राहू द्या.

तुमचे बाबा